मुलाचे वय, मुलाची समज आणि कायदा

आमच्या वस्तीतील बहुतेकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. तो दिवस म्हणजे एक जून. माझाही तोच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आईला माझी जन्मतारीख विचारली तेव्हा ती म्हणाली, "भूकंपाच्या अदुगर दोन पावसाळे." १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे आमच्या भागात काळ मोजण्याचे साधन झाले होते. पण गुरुजींच्या रजिस्टरात पावसाळ्यांचा रकाना नव्हता, तारखेचा होता. आणि पहिलीत बसण्यासाठी सहा वर्षे पूर्ण असावी लागत. त्यांनी १ जून १९९० अशी तारीख घातली आणि मी कागदावर वर्षभराने मोठा झालो. गुरुजींचा हेतू चांगलाच होता. त्यांनी तसे केले नसते तर ते वर्ष मी गुरांमागे काढले असते. पुढे त्याच तारखेवर मी दहावी झालो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो, महाविद्यालयात शिकवू लागलो. निवृत्तही तिच्यावरच होईन.

या तारखेचा फौजदारी कायद्याशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते. तो काही वर्षांपूर्वी एका मुलामुळे कळला. आम्ही राहतो त्या तालुक्याच्या गावाबाहेर माळावर पारधी समाजाची पाले आहेत. तेथील एका मुलाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचलले आणि कागदावर त्याचे वय घातले : अंदाजे १९. त्याची आजी माझ्या एका विद्यार्थ्याबरोबर घरी आली. म्हणाली, "सर, पोराला मिसरूड बी न्हाई फुटलं अजून." तोवर तो मोठ्या माणसांच्या तुरुंगात पोचला होता. त्याची हकीगत पुढे येईल. आधी अशा मुलाविषयी कायदा काय म्हणतो ते समजून घेतले पाहिजे. कारण कायदा वाईट आहे म्हणून आपली मुले आत जातात असे सरसकट म्हणणे खरे नाही. कायद्याने दिलेले त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे अधिक खरे आहे.

सात आणि बारा

मुलाने काही गैर केले की कायद्यापुढे दोन प्रश्न येतात. पहिला, हे कृत्य गुन्हा ठरते काय? दुसरा, ठरलेच तर त्याचा विचार कोणी आणि कशा रीतीने करायचा? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. सुशिक्षित माणसेही त्यांची गल्लत करतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ८२ आणि ८३ मध्ये दिले. सात वर्षांखालील मुलाने काहीही केले तरी तो गुन्हा नव्हे. सात ते बारा या वयातील मुलाच्या बाबतीत, आपण काय करीत आहोत आणि त्याचा परिणाम काय होईल हे ठरविण्याइतकी समज त्याला आलेली नसेल तर तो गुन्हा नव्हे. गुन्ह्यासाठी कृत्याबरोबर दुष्ट हेतू लागतो आणि हेतू असायला समज लागते, हे त्यामागील तत्त्व. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २० आणि २१ मध्ये हेच दोन आकडे आहेत, सात आणि बारा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालहक्क समितीने २०१९ मध्ये सर्व देशांना सुचविले की ही किमान वयोमर्यादा निदान चौदा तरी असावी. बालहक्कांचा करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आहे. तरीही नवी संहिता लिहिताना इंग्रजांच्या काळातील सात हा आकडा तसाच राहिला. खुद्द इंग्लंडमध्ये तो आज दहा आहे.

समज म्हणजे काय, हे न्यायालयांनी कसे पाहिले त्याची दोन उदाहरणे कायद्याच्या पुस्तकांत नेहमी येतात. पहिले १८६४ चे, कलकत्त्याचे. दहा वर्षांची एक मुलगी घरकामाला होती. तिने मालकाचे आठ आणे किमतीचे बटण उचलून आपल्या आईला नेऊन दिले. मॅजिस्ट्रेटने तिला शिक्षा केली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण मुलीला पुरेशी समज आलेली होती असा निष्कर्षच मॅजिस्ट्रेटने काढलेला नव्हता. दुसरे १९५० चे, ओरिसा उच्च न्यायालयातील. अकरा पूर्ण झालेला पण बारा न झालेला मुलगा सुरी घेऊन दुसऱ्याच्या अंगावर गेला, तुझे तुकडे करतो असे म्हणाला आणि वार केला. त्याच्या बोलण्यातून आणि वागण्यातूनच त्याला परिणाम कळत होता हे दिसते, असे म्हणून न्यायालयाने त्याला दोषी धरले.

या दोन उदाहरणांत आपल्या कामाची एक गोष्ट आहे. गुन्हा किती मोठा हे पाहून मुलाची समज ठरत नाही. ती वेगळी तपासावी लागते. घरकाम करणाऱ्या मुलीच्या बाबतीत मॅजिस्ट्रेटने ती तपासलीच नव्हती. हातात वस्तू सापडली, मुलगी नोकर आहे, एवढे त्याला पुरे झाले. दीडशे वर्षांनंतरही ही घाई संपलेली नाही.

बारानंतर

बारा वर्षे पूर्ण झाली की दंड संहितेच्या दृष्टीने मुलगा आणि चाळिशीतला माणूस यांच्यात फरक उरत नाही. तेरा वर्षांच्या मुलाने केलेली चोरी ही चोरीच. येथे दुसरा प्रश्न सुरू होतो आणि त्याचे उत्तर देणारे कायदे वेगळे आहेत. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांचे कायदे केले. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला 'रिमांड होम' हा शब्द त्याच व्यवस्थेतला. १९८६ मध्ये सर्व देशासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत बालक मानली गेली. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठराची मर्यादा लावली. सध्याचा कायदा २०१५ चा आहे.

या कायद्याच्या भाषेत असा मुलगा गुन्हेगार नसतो, तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतो. शब्द बोजड आहे, पण त्यामागील विचार मोलाचा आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मनात दुष्ट हेतू नव्हता असे गृहीत धरून चालावे, हे या कायद्याच्या मूलतत्त्वांपैकी एक आहे. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. या मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी एक स्त्री असलीच पाहिजे. जामीन हा नियम आणि नाकारणे हा अपवाद. सोळा वर्षांखालील मुलाने कितीही गंभीर गुन्हा केला तरी त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येते. त्याचे नाव छापता येत नाही. पुढे नोकरीच्या वेळी त्या प्रकरणाचा डाग त्याला लागू नये, अशीही तरतूद आहे.

स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा राज्यघटनेच्या कलम १५(३) ने दिली आहे. हा कायदा त्याच पायावर उभा आहे. बाबासाहेबांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या घटनेतील हा आधार आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असतो. त्यावर उभ्या राहिलेल्या कायद्याची माहिती मात्र वस्तीत फार थोड्यांना असते.

समज न विचारता

हा सगळा इतिहास एका बाजूचा झाला. त्याच काळात याच देशात मुलांसाठी दुसराही एक कायदा होता. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये तो सर्व देशाला लागू करण्यात आला आणि १९२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. या कायद्यान्वये संपूर्ण जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर होई. माणसांची नोंद होई, हजेरी लागे, सेटलमेंटमध्ये राहावे लागे. सोलापूरची सेटलमेंट आपल्या वाचकांना ऐकून माहीत आहे.

१९२४ च्या कायद्याच्या सतराव्या कलमात मुलांविषयी तरतूद होती. या जमातींची मुले आईबापांपासून वेगळी काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारगृहाच्या शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. मुले म्हणजे कोण? तर सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील सर्व.

आता दंड संहिता आणि हा कायदा शेजारी शेजारी ठेवून पाहा. दंड संहिता म्हणत होती, सात वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाने काहीही केले तरी तो गुन्हा नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणत होता, सहा वर्षांवरील मुलाने काहीही केलेले नसले तरी त्याला आईपासून तोडता येते. एकाच सरकारने, एकाच काळात, एकाच वयाच्या दोन मुलांना लावलेले हे दोन न्याय होते. पहिल्या मुलाची समज पाहायची होती, दुसऱ्याचा फक्त जन्म. वर्णव्यवस्थेने जन्मावरून धंदा ठरविला होता; इंग्रजांच्या कायद्याने त्याच जन्मावरून गुन्हा ठरविला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण कायदा रद्द केल्याने पोलीस ठाण्यातील नजर रद्द होत नाही. चोरी झाली की आधी कोणत्या पालावर जायचे, हे आजही वेगळे सांगावे लागत नाही. त्या पालावरील पोर जेव्हा पकडले जाते तेव्हा त्याला समज होती काय, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. 'यांना लहानपणापासूनच कळतं' असे एक वाक्य तयार असते. हे वाक्य मी पोलिसाच्या तोंडून ऐकले आहे आणि आमच्या स्टाफरूममध्येही ऐकले आहे.

वय कोणी ठरवायचे?

बारानंतर सगळे संरक्षण एका गोष्टीवर येऊन थांबते, ती म्हणजे वय. गुन्ह्याच्या दिवशी मुलगा अठरा वर्षांखालील होता हे सिद्ध झाले तर वरचा सारा कायदा त्याचा. नाही झाले तर त्यातले काहीही त्याचे नाही. गुन्ह्याच्या दिवशीचे वय धरायचे की न्यायालयात हजर केल्या दिवशीचे, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मिटविला : गुन्ह्याच्या दिवशीचे. वय ठरविण्याची उतरंड २०१५ च्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. या तपासणीत दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, हे न्यायालयांनी मान्य केलेले आहे. आधारकार्डावरील तारीख हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे.

ही उतरंड कागद असणाऱ्या घरासाठी आहे. बाळंतपण पालावर झाले, जन्माची नोंद नाही, शाळा तिसरीत सुटली, नाव शाळेत एक आणि घरी दुसरे, अशा मुलाचे वय शेवटी ठाण्यातला लेखनिक 'अंदाजे' ठरवितो. उन्हात राबलेले अंग वयापेक्षा मोठे दिसते. त्याचा अंदाज सहसा अठराच्या पुढेच जातो.

या अंदाजाची किंमत काय असते ते पुण्याच्या एका खटल्याने दाखविले आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातील सात जणांचे खून झाले. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. गुन्हा अत्यंत क्रूर होता, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. आरोपींपैकी एक राजस्थानातून कामासाठी आलेला होता. खटल्यात त्याचे वय वीसच्या आसपास धरले गेले. १९९८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. पुढे अनेक वर्षांनी त्याच्या गावच्या शाळेतील नोंद पुढे आली. तीत जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. नोंदीतील नाव थोडे वेगळे होते, त्यावरून वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करविली आणि २७ मार्च २०२३ रोजी त्याची सुटका केली. तोपर्यंत त्याने तुरुंगात अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ काढला होता. १९९४ मध्ये लागू असलेल्या १९८६ च्या कायद्यानेही अशा मुलाला फाशी देता येत नव्हती, तुरुंगातही टाकता येत नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच आणखी एक माणूस सोडला. १९९४ मध्ये डेहराडूनला घडलेल्या खुनांच्या वेळी तो चौदा वर्षांचा होता. त्यालाही फाशी झाली होती, पुढे ती जन्मठेपेवर आली. पंचवीस वर्षे तो आत होता. त्याचे बँकेत खाते आहे, म्हणजे तो सज्ञान असणार, असा तर्क त्याच्याविरुद्ध लढविला गेला होता. दोन्ही मुले गाव सोडून परमुलखात पोट भरायला गेलेली होती. दोघांच्याही बाजूने त्या वेळी शाळेच्या रजिस्टराचे एक पान कोणी आणून दिले नाही.

मरण पावलेल्यांच्या नातलगांना याने काय वाटले असेल, हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. त्यांचे दुःख खरे आहे. पण बारा वर्षांच्या मुलाला वीस वर्षांचा ठरविल्याने त्या दुःखाचा न्याय होत नाही. कायद्याने मुलाचा वेगळा विचार करायचा असे ठरविले आहे, ते तो निरपराध असतो म्हणून नव्हे; त्याचे घडणे अजून संपलेले नसते म्हणून.

वर ज्या पारधी मुलाची हकीगत सोडली होती तिचे पुढे असे झाले. आजीने सांगितले, पोरगा दोन वर्षे एका आश्रमशाळेत होता. ती शाळा साठ किलोमीटरवर. मुख्याध्यापकांनी दोन वेळा परत पाठविले. तिसऱ्या वेळी जनरल रजिस्टर काढले. आडनावाच्या जागी बापाचे नाव, बापाच्या जागी मामाचे. पण मूल तेच होते. जन्मतारीख : एक जून. त्या तारखेप्रमाणे तो पंधरा वर्षांचा होता. आजीच्या हिशेबाने चौदाचा. निर्गम उतारा वकिलामार्फत न्यायालयात गेला, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे आले आणि त्याला जामीन मिळाला. या सगळ्याला अडीच महिने लागले. ते अडीच महिने तो मोठ्यांबरोबर होता. तेथे काय झाले ते त्याने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

सोळाची रेघ

२०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर, त्यातील एक आरोपी अठराला काही महिने कमी असल्यामुळे, देशभर संताप उसळला. त्यातून २०१५ च्या कायद्यात कलम १५ आले. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा आरोप असेल, तर मंडळाने त्याचे प्राथमिक मूल्यांकन करायचे. त्याची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची ताकद आणि गुन्हा घडला ती परिस्थिती पाहून, त्याचा खटला मोठ्या माणसाप्रमाणे चालवावा काय, हे सुचवायचे. हे काम नाजूक आहे आणि त्यात मानसशास्त्र जाणणाऱ्यांची मदत घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

म्हणजे १८६० चा समजेचा प्रश्न आता सोळाव्या वर्षी पुन्हा उभा राहिला आहे. फरक एवढाच की तेव्हा समजेचा अभाव मुलाला वाचवीत होता आणि आता समजेचे अस्तित्व त्याला मोठ्यांच्या न्यायालयात पाठविते. येथे मला भीती वाटते ती आपल्या मुलांच्या शहाणपणाची. दहाव्या वर्षापासून वीटभट्टीवर हिशेब ठेवणारा, धाकट्या भावंडांना सांभाळणारा, ठाण्यात कोणापुढे हात जोडायचे हे जाणणारा मुलगा मंडळापुढे बसला तर तो 'समजदार' दिसणारच. पोट भरण्याची ही समज आहे. तिच्यावरून गुन्ह्याचे परिणाम ओळखण्याची समज मोजणे म्हणजे गरिबीलाच पुरावा मानणे होय. आणि एक जूनचा धोकाही येथेच आहे. शाळेत घालण्यासाठी गुरुजींनी वाढविलेले एक वर्ष पंधराच्या मुलाला सोळाचा करते. त्या पारधी मुलावरील आरोप जड गुन्ह्याचा असता आणि रजिस्टरात आणखी एक वर्ष वाढलेले असते, तर त्याच पानाने त्याला सोळाच्या रेघेपलीकडे ढकलले असते.

म्हणून काही साध्या गोष्टी वस्तीवस्तीत सांगितल्या पाहिजेत. जन्माची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी. शाळेत खरी तारीख घालावी आणि मुलाने शाळा सोडली तरी निर्गम उतारा घरात जपून ठेवावा. मूल पकडले गेले तर पहिल्याच दिवशी न्यायालयात तोंडी का होईना 'हा अठराच्या आतला आहे' असे सांगावे. मग त्याची चौकशी करणे मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक आहे. पहिल्या दिवशी राहून गेले तर नंतर केव्हाही, अंतिम निकालानंतरही हा मुद्दा मांडता येतो, हे पुण्याच्या खटल्याने दाखविलेच आहे. शिकलेल्यांनी निदान एवढे करावे की कोणाच्या पोरासाठी शाळेचे रजिस्टर शोधायची वेळ आली तर एक दिवसाची रजा काढून बरोबर जावे. मुख्याध्यापक आजीला परत पाठवितात; बरोबर प्राध्यापक असला की खुर्ची देतात. हे लाजिरवाणे आहे, पण ते बदलेपर्यंत त्या खुर्चीचा उपयोग आपल्या मुलांसाठी करून घेतला पाहिजे.